'बेकार' लिहायचं की 'बेरोजगार'?

प्रश्न:
नोकऱ्यांवरचा एक लेख तपासतोय. एकाच परिच्छेदात 'बेकार तरुण', 'बेरोजगार तरुण' आणि 'रिकामटेकडे तरुण' असं आलटून पालटून आलंय. तिन्ही एकाच अर्थाचे धरायचे का? आणि घर सांभाळणाऱ्या बाईला बेरोजगार म्हणता येतं का?

उत्तर १:
'रिकामटेकडे' आधी काढा. कामाची इच्छाच नाही असा ठपका त्यात आहे, आणि नोकरी शोधून दमलेल्या माणसावर तो अन्याय आहे.

'बेकार' फारसीतला: बे म्हणजे विना, कार म्हणजे काम. पण बोलण्यात तो 'टाकाऊ'कडे सरकला. 'तो सध्या बेकार आहे' म्हणजे नोकरी नाही. यातला 'सध्या' काढला की माणूसच कुचकामी ठरू शकतो. 'बेकार मारलं', 'बेकार ऊन आहे' यात तर नुसता जोर उरलाय. म्हणून माणसाबद्दल लिहिताना 'बेरोजगार'च बरा.

अर्थशास्त्रातले 'छुपी बेकारी', 'हंगामी बेकारी' मात्र रुळलेले आहेत, त्यांना हात लावू नका. दोघांपुरत्या शेतात चौघं राबतात, त्यातले दोघं बाजूला झाले तरी पीक तेवढंच येतं, ती छुपी बेकारी. तिथे हातात काम दिसतं, त्यामुळे 'बेरोजगार' लिहिलं तर वाचणारा गोंधळतो.

उत्तर २:
बाईंबद्दल: आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या व्याख्येत तीन अटी आहेत. काम नाही, काम शोधणं चालू आहे, मिळालं तर करायची तयारी आहे. घर सांभाळणारी बाई काम शोधत नसेल तर ती बेरोजगार नाही, श्रमशक्तीच्या, म्हणजे काम करणारे आणि काम शोधणारे यांच्या, बाहेर आहे. तेच पूर्णवेळ विद्यार्थ्याचं. शोधत असेल तर दोघंही बेरोजगारांत मोजले जातात.

लेखात टक्केवारी असेल तर तीही तपासा. समजा 1000 माणसं आहेत, श्रमशक्तीत 550 आणि त्यातले 33 बेरोजगार. दर 33 भागिले 550, म्हणजे 6 टक्के. बरेच जण 1000 ने भागून 3.3 लिहितात, तिथेच चुकतं.

उत्तर ३:
मुद्रितशोधनात आणखी दोन चुका हमखास सापडतात. 'बेरोजगारी तरुण' नको. बेरोजगारी ही स्थिती, तरुण 'बेरोजगार'. विशेषण बदलत नाही: बेरोजगार मुलगा, बेरोजगार मुली. नाम म्हणून आलं की 'बेरोजगारांना', 'बेरोजगारांची'.

दुसरी चूक 'बेकारी'च्या जागी 'बेगारी'. बेगार म्हणजे मोबदल्याशिवाय जबरदस्तीने करून घेतलेलं काम, वेठबिगारीतली बिगार तीच. एका अक्षराने अर्थ उलटा होतो, आणि शब्द दोन्ही खरे असल्याने संगणकाची शुद्धलेखन तपासणी ते पकडत नाही.