मोटारसायकलच्या टाकीवरील रंगाचे फोड आणि वॉरंटीचा नकार: दोष कारखान्याचा की वापराचा, हे कसे सिद्ध करावे?

प्रश्न: शिक्षक, यावल तालुका

नमस्कार. मागच्या आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) मी जळगावातील एका अधिकृत विक्रेत्याकडून नवी मोटारसायकल घेतली. गाव यावल तालुक्यात असून शाळेसाठी रोज फैजपूरला जाणे-येणे असते. पावसाळा सरत आला तेव्हा टाकीच्या खालच्या कडेला, जेथे दोन पत्र्यांचा जोड येतो, तेथे रंगाला हरभऱ्याच्या डाळीएवढे फोड आलेले दिसले. दिवाळीपर्यंत त्यांतील काही फुटले आणि आतून तांबूस गंज बाहेर आला. त्याच सुमारास डाव्या साइड पॅनलच्या कडेचा लॅकर (रंगावरचा पारदर्शक थर) सुटू लागला आणि सायलेन्सरच्या क्रोमवर बारीक तपकिरी ठिपके उमटले. गाडी कोठे धडकलेली नाही की पडलेली नाही.

सर्व्हिस सेंटरच्या व्यवस्थापकांचे म्हणणे असे की बोअरचे क्षारयुक्त पाणी, आपल्याकडचे ऊन आणि खताच्या गोण्यांची ने-आण यांमुळे हे झाले आहे, आणि बाह्य वातावरणामुळे रंगावर किंवा मुलाम्यावर होणारा परिणाम वॉरंटीच्या पुस्तिकेत वगळलेला आहे. घरची केळी असल्याने खताची गोणी अधूनमधून गाडीवरून येते, हे खरे आहे. परंतु ती मागच्या सीटवर बांधलेली असते, टाकीशी तिचा संबंध येत नाही. कंपनीला ईमेल केला, तर गाडी न पाहताच तेच कलम लिहून पाठवण्यात आले. आता विक्रेता तोंडी सांगतो की ओळखीच्या रंगाऱ्याकडून टाकी विनामूल्य रंगवून देऊ, मात्र ‘माझी कोणतीही तक्रार उरलेली नाही’ असे पत्र आधी द्यावे लागेल. असे पत्र द्यावे का? आणि दोष कारखान्यातीलच आहे हे मी कशाच्या आधारावर मांडावे?

उत्तर १: निवृत्त रंगशाळा पर्यवेक्षक, भुसावळ

सर, माझी नोकरी वाळूजच्या औद्योगिक वसाहतीत दुचाकींच्या सुट्या भागांच्या रंगकामात गेली, म्हणून थोडे सविस्तर लिहितो. आपण तीन तक्रारी एकाच पत्रात घातल्या असाव्यात, आणि त्यामुळेच कंपनीला एका कलमात तिन्हींची बोळवण करता आली. या तिन्हींची कारणे वेगवेगळी आहेत, आणि आपली बाजूही तिन्ही ठिकाणी सारखी भक्कम नाही.

सर्वांत भक्कम मुद्दा टाकीच्या जोडाचा आहे. पत्र्याची टाकी वेल्डिंग झाल्यावर आधी धुऊन तेलविरहित केली जाते, मग तिच्यावर गंजरोधक फॉस्फेटचा थर देतात, त्यावर प्रायमर, त्यावर मूळ रंग आणि शेवटी पारदर्शक लॅकर येतो. जोडाची कड ही या साऱ्या प्रक्रियेतील अवघड जागा असते. दोन पत्र्यांच्या फटीत धुण्याचे पाणी किंवा रसायन अडकून राहिले, अथवा तेथे फॉस्फेट आणि प्रायमर नीट पोचले नाहीत, तर गंज रंगाखाली सुरू होतो आणि रंगाला आतून वर ढकलतो. दगड लागून आलेला गंज तसा नसतो. त्याच्या मध्यभागी टवका उडालेला दिसतो आणि गंज त्या बिंदूपासून बाहेर पसरतो. क्षारयुक्त पाण्याचे डाग पांढुरके असतात, ते लॅकरच्या वरच्या पृष्ठभागावर बसतात आणि फार तर त्याची चमक खातात. उन्हाचा मार टाकीच्या वरच्या, आकाशाकडे असलेल्या भागावर बसतो. तेथे रंग फिका पडतो, लॅकर निस्तेज होतो. जळगाव-भुसावळचा पारा ४५ अंशांवर जातो हे खरे, परंतु जी कड सदैव सावलीत असते तेथे फोड यावेत आणि वरचा भाग मात्र तकतकीत राहावा, याचे उत्तर उन्हाच्या नावाखाली देता येणार नाही. वरच्या भागाचे आणि खालच्या कडेचे छायाचित्र एकाच प्रकाशात काढून ठेवा. माझ्या मते आपल्याकडचा हा सर्वांत बोलका पुरावा आहे.

एक शंका मात्र आधी दूर करावी. फोड टाकीच्या झाकणाभोवती असते, तर मी वेगळे बोललो असतो, कारण सांडलेल्या पेट्रोलने तेथील लॅकर मऊ पडतो आणि तो वापराचा परिणाम धरला जातो. झाकणाकडून पेट्रोल ओघळत जोडापर्यंत पोचल्याच्या खुणा नाहीत ना, हे स्वतः पाहून घ्या, कारण तपासणीला येणारा माणूस सर्वप्रथम तेच पाहील.

साइड पॅनल प्लॅस्टिकचे आहे. त्यावर गंजाचा प्रश्नच नाही. लॅकर सुटतो तो खालच्या थराशी त्याची पकड न बसल्यामुळे. परंतु येथे कंपनी असे म्हणू शकते की जोरदार दाबाच्या पाण्याने कड उचलली गेली. आपण गाडी घरी धुता की सर्व्हिस सेंटरमध्ये, हे महत्त्वाचे आहे. तसे दाबाचे पाणी बहुधा त्यांच्याकडेच वापरले जाते आणि धुतल्याची नोंद जॉब कार्डावर, म्हणजे त्यांच्या कामाच्या नोंदीच्या कागदावर, असते.

सायलेन्सरचा मुद्दा सर्वांत दुबळा आहे. शोभेच्या क्रोमचा थर एका मायक्रॉनपेक्षाही (मिलिमीटरच्या हजाराव्या भागापेक्षाही) पातळ असतो, आणि पत्र्याचे खरे रक्षण त्याखालील निकेल करते. निकेल पातळ बसले असेल तर ठिपके लवकर येतात हे खरे, पण पोटॅश खतातील क्लोराइडनेही ते येतात, आणि नुसत्या डोळ्यांनी दोन्हींत फरक करणे कठीण आहे. त्यासाठी टाकीचा मुद्दा पातळ करू नका.

आणखी एक तपासणी अवश्य करावी. रंगाची जाडी मोजणारे चुंबकीय यंत्र जुन्या मोटारगाड्यांची पारख करणाऱ्यांकडे असते. कारखान्यातील रंगाची एकूण जाडी साधारण १०० मायक्रॉनच्या आगेमागे असते. स्टिकरवरून लॅकर दिलेला असेल तेथे ती अधिक भरते. टाकीवर ठिकठिकाणी मोजून त्याच मॉडेलच्या दुसऱ्या गाडीशी ताडून पाहा. एखाद्याच भागात जाडी दुप्पट-तिप्पट आढळली, तर वाहतुकीत खरचटलेली टाकी विक्रीपूर्वी पुन्हा रंगवली गेल्याची दाट शक्यता असते. प्लॅस्टिकच्या पॅनलवर हे यंत्र चालत नाही. आणि कृपा करून फोड स्वतः खरवडू नका. आतील थर कसा दिसतो हे संयुक्त तपासणीत, सर्वांसमक्ष उघडले गेले पाहिजे.

उत्तर २: केळी बागायतदार, रावेर

सर, गोणीची गोष्ट लपवली नाहीत, हे आपण बरे केले. आमच्या भागात लाल पोटॅश आणि युरिया मोटारसायकलवरूनच शेतात जातो. गोणी ओलसर असली की खत पाझरते आणि मागचा मडगार्ड, स्पोक, सीटखालची नळी, सायलेन्सर यांवर बसते. माझ्या गाडीचे हेच भाग आधी गेले, टाकी मात्र अजून शाबूत आहे. खतामुळे नुकसान झाले असते तर ते मागून पुढे आले असते. आपल्या गाडीच्या मागच्या मडगार्डचा आतला भाग आणि सीटखालची चौकट स्वच्छ असेल, तर त्याचीही छायाचित्रे जोडा. शिवाय नोंदणी प्रमाणपत्रावर गाडीच्या उत्पादनाचा महिना असतो. त्याच महिन्यातील त्याच मॉडेलची गाडी आसपास कोणाकडे असेल तर तिची टाकी पाहून यावी.

उत्तर ३: ग्राहक प्रकरणे चालवणारी वकील, धुळे

वरील दोन्ही उत्तरांतील तांत्रिक भाग मला पटला. मी कागदाच्या बाजूने लिहिते.

ते पत्र देऊ नये, निदान टाकीचे काम होण्याआधी आणि त्या मजकुरात तर नाहीच. ग्राहक आयोगापुढे समोरची बाजू सर्वप्रथम असेच पत्र दाखल करते. त्याहून मोठी अडचण ही की टाकी एकदा रंगवली गेली की दोषाचा पुरावा संपतो, आणि दोष सिद्ध करण्याची जबाबदारी तर तक्रारदारावर असते.

आपल्या मागील जॉब कार्डावर काय लिहिले आहे ते पाहा. ‘रंग खराब’ असे मोघम लिहिले असेल, तर नवे जॉब कार्ड करून ‘टाकीच्या खालच्या जोडावर रंगाखालून गंज, बाहेरून आघाताची खूण नाही’ असे शब्द घालून घ्या. त्यानंतर विक्रेता आणि उत्पादक कंपनी या दोघांनाही एकच लेखी नोटीस पोच असलेल्या टपालाने पाठवा. तीत टाकीचा मुद्दा पहिला ठेवा आणि कंपनीच्या प्रतिनिधीने गाडी प्रत्यक्ष पाहून नकाराचे कारण लेखी द्यावे, अशी मागणी करा. ‘वातावरणाचा परिणाम’ हे वगळणारे कलम आपोआप लागू होत नाही. या गाडीच्या या भागावर तो परिणाम कसा झाला, हे कंपनीला सांगता आले पाहिजे. गाडी न पाहता पाठवलेला नकार आपल्या उपयोगाचा आहे, तो जपून ठेवा.

दोघांना पक्षकार करणे आवश्यक आहे. विक्रीपूर्वी टाकी रंगवली गेल्याचे निघाले तर दोष विक्रेत्याचा ठरू शकतो, आणि कंपनीला त्याची माहिती होती हे दाखवता आले नाही तर विक्रेत्याच्या अशा कृत्यासाठी उत्पादकाला जबाबदार धरता येत नाही, अशी भूमिका सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये टाटा मोटर्सच्या एका प्रकरणात घेतली आहे. उलट दोष कारखान्याचा निघाला तर विक्रेता हात वर करील.

नोटिशीला उत्तर न आल्यास राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवता येते. ती यंत्रणा कंपनीकडे पाठपुरावा करते, बंधनकारक आदेश मात्र देऊ शकत नाही. आदेश हवा असेल तर जिल्हा आयोग. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ च्या कलम ३४ प्रमाणे आपण जेथे राहता त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, म्हणजे जळगावच्या आयोगात. गाडीसाठी दिलेला मोबदला ५ लाख रुपयांपर्यंत असल्यास तक्रारीला शुल्क नाही, वकील नेमण्याची सक्तीही नाही. कलम ६९ नुसार मुदत तक्रारीचे कारण घडल्यापासून २ वर्षांची आहे. ईमेलची देवाणघेवाण चालू आहे म्हणून ती थांबत नाही. चाचणीशिवाय दोष ठरवता येत नसेल तर कलम ३८ खाली आयोग वस्तू प्रयोगशाळेकडे पाठवू शकतो, त्याचा खर्च मात्र तक्रारदाराला आधी भरावा लागतो.

मागणी माफक ठेवा. संपूर्ण गाडी बदलून मागण्याचा मोह होतो, परंतु मारुती उद्योगाच्या २००६ च्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने वॉरंटीत सदोष भाग बदलून देण्याचे बंधन असताना अख्खी गाडी बदलून देण्याचा आदेश कायम ठेवला नव्हता. याच कायद्यातील ‘उत्पादन दायित्व’ (सदोष उत्पादनामुळे झालेल्या हानीची जबाबदारी) या भागाच्या आधारे भरपाई मागा, असा सल्लाही आपल्याला कोणी देईल. तो मानू नका, कारण त्यातील ‘हानी’च्या व्याख्येत खुद्द वस्तूचे झालेले नुकसान धरलेले नाही. आपली तक्रार सदोष वस्तूची आहे. नवी टाकी, नवे पॅनल आणि झालेल्या त्रासाची व खर्चाची वाजवी भरपाई, एवढेच मागावे.

प्रश्नकर्ता

सर्वांचा मनापासून आभारी आहे. मागचा मडगार्ड आणि सीटखालची चौकट आतून पाहिली. दोन्ही स्वच्छ आहेत. झाकणाभोवतीचा रंगही शाबूत आहे. नोटिशीचा मसुदा वकीलताईंनी सांगितल्याप्रमाणे करतो आणि सायलेन्सरचा मुद्दा त्यातून वगळतो. एक शंका उरते. विक्रेत्याने पत्राची अट सोडून नुसती टाकी रंगवून देण्याची तयारी दाखवली, तर ती स्वीकारावी का?

उत्तर ४: निवृत्त रंगशाळा पर्यवेक्षक, भुसावळ

नवी टाकीच मागा, सर. जोडाच्या फटीत शिरलेला गंज वरून घासून निघत नाही. स्थानिक रंगारी पॉलिश पेपर मारून, पुटी भरून, प्रायमर आणि रंग देईल. दोन महिने ती सुंदर दिसेल आणि पुढच्या पावसाळ्यात त्याच जागी फोड येतील. तेव्हा कंपनी म्हणेल की टाकी बाहेर रंगवली असल्याने वॉरंटी उरलेली नाही. नाइलाजाने रंगकामच स्वीकारावे लागले, तर टाकी मूळ पत्र्यापर्यंत साफ करून फॉस्फेट आणि इपॉक्सी प्रायमर दिला जाईल, हे काम अधिकृत सर्व्हिस सेंटरच्या जॉब कार्डावर नोंदले जाईल आणि त्या कामाची वॉरंटी किती महिन्यांची असेल, हे तिन्ही लेखी घ्या. नवी टाकी मिळाली तर जुनी टाकी कंपनी परत नेते, म्हणून ती हातून जाण्यापूर्वी जोडाची जवळून छायाचित्रे काढून ठेवा, आणि नवी टाकी बसवून घेताना तिचीही खालची कड उजेडात धरून पाहा.