संशोधनात आधी काय वाचलं जातं, काम की नाव?

दूर्वांकुर:
रॉबर्ट मर्टन या अमेरिकी समाजशास्त्रज्ञांनी १९६८ साली ‘सायन्स’ नियतकालिकात ‘मॅथ्यू परिणाम’ मांडला. काम सारखंच असलं तरी श्रेयाचा मोठा वाटा आधीच नाव असलेल्याकडे जातो, हे त्याचं सार. ब्रिटिश भौतिकशास्त्रज्ञ लॉर्ड रेली यांचा किस्सा मर्टन यांनीच दिलाय. निबंधावर नाव घालायचं राहिलं, तेव्हा ब्रिटिश असोसिएशन या विज्ञानसंस्थेने तो नाकारला. लेखक कोण ते कळल्यावर तोच निबंध स्वीकारला. मला मर्टन पूर्ण पटतात. कल्पनेची किंमत ठरवताना आपण आधी माणूस बघतो.

अधांतर:
असहमत. वेगनर यांनी १९१२ मध्ये खंड सरकतात असं सांगितलं. ते हवामानशास्त्रज्ञ, म्हणून भूवैज्ञानिकांनी हसण्यावारी नेलं, असं सर्रास सांगतात. पण खंडांना ढकलणारं बळ कुठलं, या रास्त प्रश्नाला त्यांच्याकडे पटणारं उत्तर नव्हतं. १९६० च्या दशकात समुद्रतळावरच्या चुंबकीय पट्ट्यांचा अर्थ लागला, समुद्रतळ पसरतोय हे त्यातून दिसलं आणि चित्र पालटलं. वेगनर १९३० मध्येच ग्रीनलंडमध्ये वारले होते, म्हणजे नावाचं वजन टाकायला ते हयातही नव्हते. पुराव्यानेच काम केलं.

दूर्वांकुर:
वेगनरबद्दल मान्य. पण पुरावा कुणीतरी वाचावा तर लागतो! मेंडेल यांचा, वाटाण्याचे गुण पुढच्या पिढीत कसे उतरतात याची मोजदाद करणारा निबंध १८६६ मध्ये छापून आला होता. त्याचं मोल कळायला १९०० उजाडलं. ३४ वर्षं!

अधांतर:
तो काही बड्या नावाखाली दबला नव्हता. त्या काळच्या जीवशास्त्रात असं गणित वाचायची सवयच नव्हती.

शिंपला:
दोघांनीही एक गोष्ट सोडली. मर्टन यांच्या ‘मॅथ्यू परिणाम’ निबंधाचा आधार होता समाजशास्त्रज्ञ हॅरिएट झुकरमन यांनी घेतलेल्या नोबेल विजेत्यांच्या मुलाखती. निबंध छापला गेला एकट्या मर्टन यांच्या नावावर. तो दोघांच्या नावाने यायला हवा होता, हे मर्टन यांनी पुढे स्वतःच लिहून कबूल केलं. मला ही कबुली फार मोलाची वाटते. म्हणून अधांतर, कल्पना टिकते पुराव्यावर हे खरं, पण तिच्यासोबत कुणाचं नाव टिकतं हा वेगळा प्रश्न आहे, आणि मर्टन मुख्यतः त्याबद्दल बोलतात.

अधांतर:
झुकरमन यांचं माहीत नव्हतं. श्रेयापुरतं माझं म्हणणं मागे घेतो. कल्पनेच्या खरेपणाबद्दल नाही.

दूर्वांकुर:
मग निबंध छापण्याआधी तपासणाऱ्या परीक्षकांपासून लेखकाचं नाव लपवायला तुमची हरकत नसावी?

अधांतर:
नाही. फक्त छोट्या विषयात संदर्भांची यादी पाहूनच लेखक ओळखू येतो, त्याचं काय करायचं ते सांगा.