अमेझॉनच्या काठी मोटारसायकलींचा कारखाना: कुणाला नकाशा वाचता येत नाही?

मुनीमजी
आमच्या सोसायटीच्या गटावर काल एक पोस्ट आली. 'बजाजने परदेशातला स्वतःचा पहिला कारखाना ब्राझीलमध्ये टाकला, तोही अमेझॉनच्या जंगलात, मनाउसला. गिऱ्हाईक साओ पाउलोला आणि कारखाना मगरींच्या शेजारी. एमबीएवाल्यांना नकाशा वाचता येत नाही.' खाली हसऱ्या चेहऱ्यांची रांग.

अहो, होंडा 1976 पासून तिथेच आहे. यामाहाही तिथेच. ब्राझीलमध्ये बनणाऱ्या जवळजवळ सगळ्या दुचाक्या मनाउसमधूनच बाहेर पडतात. हे सगळे येडे आणि आमच्या सोसायटीतला हा एकटा शहाणा? 1967 पासून तिथे मुक्त क्षेत्र आहे. सुट्या भागांवरची आयात जकात 88 टक्के माफ, वर कारखान्यातल्या मालावरचा केंद्राचा करही माफ. 2014 ला घटनादुरुस्ती करून मुदत 2073 पर्यंत नेली. 2023 ला अख्खी करव्यवस्था बदलली, पण मनाउसची सवलत राखली. साओ पाउलोत शेड टाकली असती तर हे सगळं भरून मग होंडाशी किमतीत भांडायचं. कशाच्या जोरावर?

टर्नर_भोसरी
करात वाचवलं ते नदीत घातलं, हा हिशेब कोण मांडणार? मनाउसहून बाकी देशात जायला सलग डांबरी रस्ता नाही. बीआर-319 नावाचा जो आहे, त्यातले चारेकशे किलोमीटर पावसाळ्यात चिखल. माल बार्जवर (सपाट तळाच्या मालवाहू बोटीवर) चढवायचा, कित्येक दिवसांनी बेलें बंदरात उतरवायचा आणि मग ट्रकने दक्षिणेला. 2023 च्या ऑक्टोबरात मनाउसजवळच्या रिओ नेग्रो नदीचं पाणी 12.70 मीटरवर आलं. 1902 पासून नोंदी आहेत, त्यातली सगळ्यात खालची. पुढच्या वर्षी त्याच्याही खाली गेलं. कंटेनरची जहाजं शहरापर्यंत पोचेनात, तेव्हा वाटेत इताकोआतियाराला तरंगता धक्का बांधून माल बार्जवर उतरवला. भारतातून सीकेडी (जुळणीसाठी सुट्या भागांत पाठवलेली गाडी) मागवणाऱ्याने किती महिन्यांचा साठा धरून बसायचं, ते सांगा.

आणि दमट हवा वेगळीच. आम्ही एका गिऱ्हाइकाला (मनाउसला नव्हे, पण हवा तशीच) मशीनिंग केलेली हाऊसिंग्ज (धातूची कवचं) पाठवली होती. गंज रोखणारी व्हीसीआय पिशवी एका कोपऱ्यात फाटलेली. पेटी उघडली तर बोअरच्या (भोकाच्या) आत तपकिरी ठिपके. अख्खा लॉट रिजेक्ट, डेबिट नोट आमच्या नावावर. या गोष्टी एक्सेल शीटमध्ये दिसत नाहीत.

मुनीमजी
पिशवी फाटली ती तुमच्या पॅकिंगमध्ये, त्यात अमेझॉनचा काय दोष? होंडा तिथे पन्नास वर्षं गंजतेय का?

टर्नर_भोसरी
होंडा तिथे इंजिनापासून बरंच काही स्वतः बनवते, म्हणून. ते जमवायला त्यांना पिढी गेली. बजाजने 2024 ला एका पाळीत वर्षाला 20,000 गाड्यांची शेड टाकली. दोन्ही एका तराजूत घालू नका.

आकुर्डीकर
तुमचं ब्राझील चालू द्या. मला एवढंच विचारायचंय की हाच 'कर वाचवा' मंत्र 2007 ला बजाजच्या आकुर्डी कारखान्यातल्या लोकांना ऐकवला होता ना? उत्तराखंडात अबकारी (कारखान्यातल्या मालावरचा केंद्राचा कर) माफ, म्हणून तिथला पंतनगरचा कारखाना सुरू आणि आकुर्डीचं उत्पादन बंद. तेव्हाही सगळे मुनीम मान डोलवत होते.

मुनीमजी
मग काय चूक होतं? एकीकडे जकात, एकीकडे अबकारी, आणि स्कूटर तर विकली जात नव्हती. पिंपरी-चिंचवड जकातीवर श्रीमंत झाली, ते पैसे कुणाचे होते?

आकुर्डीकर
जकातीचं मला शिकवू नका. वडिलांचा टेम्पो होता. एका नाक्यावर रात्रभर उभा असायचा, कारण पावतीवर 'नट' लिहिलंय आणि आत 'बोल्ट'सुद्धा आहेत. सकाळी साहेब आले की चहा, मग 'समजून घ्या' असं म्हणत हात पुढे. 2013 ला जकात गेली तेव्हा घरात पेढे वाटले आम्ही. पण नाका वाईट होता म्हणून कामगार हलवायचा? नाका बंद करायला कुणी अडवलं होतं?

लेथमास्तर
पंतनगरचं मी सांगतो, मेहुणा गेला होता (कंपनीचं नाव नको). पहिली दोन वर्षं काय हाल! प्रेसचा साधा पंच (पत्र्याला भोक पाडायचं हत्यार) तुटला तरी तिथे टूलरूम (हत्यारं बनवायची जागा) नाही. इकडे भोसरीत सायकलवर जाऊन संध्याकाळपर्यंत ग्राइंड करून आणता येतो, तिकडून तो कुरियरने इथे यायचा. तोवर प्रेस उभा. अबकारी वाचली, प्रेसचे तास गेले.

मुनीमजी
आणि आज तिथे व्हेंडर उभे राहिलेत की नाही?

लेथमास्तर
राहिलेत. निम्मे इथूनच गेले, त्यात माझे दोन ऑपरेटरही गेले. धन्यवाद.

कांपिनासची_सून
ब्राझीलमध्ये राहते म्हणून बोलते. आधी ते 'मगरींच्या शेजारी' थांबवा. मनाउस वीस लाखांवरचं शहर आहे. रबराच्या पैशातून 1896 ला तिथे ऑपेरा हाऊस उघडलं. मुक्त क्षेत्र तिथे गेलं ते कुणाला मोटारसायकल स्वस्त पडावी म्हणून नव्हे. रिकामा अमेझॉन हातचा जाईल, अशी लष्करी सरकारला धास्ती होती. आता समर्थक म्हणतात, शहरात नोकऱ्या आहेत म्हणून लोक झाडं तोडायला जात नाहीत. माझ्या सासऱ्यांच्या मते हे सगळं थोतांड आहे आणि भुर्दंड आम्ही साओ पाउलोवाले भरतो. रविवारी जेवताना हा विषय निघाला की मी स्वयंपाकघरात जाते.

टर्नरदादा दुष्काळाचं बरोबर सांगतायत. 2023 ला तिथल्या काही कारखान्यांनी कामगारांना सामुदायिक रजेवर पाठवलं. पण तेवढ्यासाठी कुणी मनाउस सोडलं नाही. बजाजच्या गाड्या आधी तिथेच दुसऱ्याच्या कारखान्यात जुळायच्या. नदी बघूनच शेड टाकली असेल ना त्यांनी?

टर्नर_भोसरी
ठीक आहे ताई, कारखाना मनाउसलाच. दुसरीकडे टाकला असता तर गाडी विकलीच गेली नसती, मान्य. पण याला जागा निवडणं म्हणू नका. सरकारने खुर्ची मांडली, हे बसले.

मुनीमजी
जगभर असंच असतं, राव. हिरोने कोलंबियात विया रिकाला कारखाना टाकला, तोही मुक्त क्षेत्रातच. जमीन, पाणी, कामगार हे सगळं नंतर.

आकुर्डीकर
म्हणजे पंतनगरही बरोबर?

मुनीमजी
पंतनगरची अबकारी माफी दहा वर्षांची होती. 2017 ला जीएसटी आला आणि ज्यांची मुदत उरली होती त्यांना केंद्राच्या हिश्श्याच्या 58 टक्के परतावा मिळू लागला. मनाउसचं राज्यघटनेत लिहिलंय, 2073 पर्यंत. फरक आहे.

आकुर्डीकर
म्हणजे मुदत लांब असली की घरचं बंद करायला हरकत नाही. कळलं.

मुनीमजी
मनाउससाठी इथलं काहीही बंद केलेलं नाही! उलट इथले सुटे भाग तिकडे जातात. आणि आकुर्डीत 2022 ला चेतकचा इलेक्ट्रिक कारखाना सुरू झाला, तो दिसला नाही का?

आकुर्डीकर
दिसला. पंधरा वर्षांनी. तोवर माणसं रिटायर झाली.

लेथमास्तर
ताई, एक विचारतो. तिथे टूलरूमवाल्याला दिवसाला काय मिळतं? खरंच विचारतोय, मुलाचा आयटीआय संपतोय.

कांपिनासची_सून
व्यक्तिगत निरोप पाठवते. आधी पोर्तुगीज शिकायला सांगा त्याला.

मुनीमजी
आकुर्डीवर वेगळा धागा काढा, हा माझा आहे.

आकुर्डीकर
काढतो. तुम्हीच पहिले याल तिथे.