मदत हवी आहे: लाइमनंतर थायरॉईडमध्ये गाठी, टीएसएच ५.६. गोळी सुरू करावी का?

पानगळ:
मोठ्या बहिणीसाठी विचारते आहे. ती कनेक्टिकटमध्ये असते, वय ५२, वजन ६४ किलो, पाळी थांबलेली. उन्हाळ्यात गोचीड चावून मांडीवर मोठा लाल चट्टा उठला, लाइमचं निदान झालं आणि डॉक्सिसायक्लीनचा कोर्स (१०० मिग्रॅ, दिवसातून दोनदा) पूर्ण झाला. थकवा मात्र गेलेला नाही. मानेत काहीतरी लागतं म्हणून अल्ट्रासाऊंड केला, तर उजवीकडे १.८ सेंमीची भरीव गाठ आणि डावीकडे ०.९ सेंमीची स्पंजसारखी गाठ निघाली. टीएसएच (थायरॉईडला काम करायला लावणारं हार्मोन, ग्रंथी मंदावली की वाढतं) ५.६, फ्री टी४ (थायरॉईडचं स्वतःचं हार्मोन) नॉर्मल. फॅमिली डॉक्टरांनी लेव्होथायरॉक्सिन (म्हणजे गोळीतलं टी४) ५० मायक्रोग्रॅम लिहून दिलं आहे: "गाठीही आटतील आणि थकवाही जाईल." बाटली घरी आली आहे, गोळी अजून घेतलेली नाही. लाइमच्या एका गटात तिला डुकराच्या थायरॉईडची गोळी आणि आयोडीनचे थेंब सुचवले आहेत. इतर औषधं: कॅल्शियम आणि केसांसाठी बायोटिन ५००० मायक्रोग्रॅम. गोळी सुरू करावी का, आणि डॉक्टरांना नेमकं काय विचारावं?

कडुनिंब:
तीन वेगळे प्रश्न इथे एकाच गोळीच्या गळ्यात मारले आहेत. ते आधी सुटे करा.

गाठी लाइममुळे आल्या असं मानायला आधार नाही. लाइमच्या बोरेलिया जिवाणूची काही प्रथिनं थायरॉईडच्या प्रथिनांशी मिळतीजुळती आहेत, त्यावरून स्वयंप्रतिकाराची एक कल्पना मांडली गेली. ती सिद्ध झालेली नाही, आणि ती आहे थायरॉईडच्या सुजेबद्दल. पन्नाशीच्या बायकांच्या मानेवर प्रोब ठेवला की जवळपास निम्म्या जणींत एखादी गाठ दिसतेच. लाइममध्ये मान दुखते, लसिका ग्रंथी सुजतात, म्हणून मानेची तपासणी होते आणि आधीपासून असलेली गाठ उघडकीला येते.

गाठ आटवण्यासाठी गोळी ही जुनी पद्धत. टीएसएच गाठीलाही वाढायला उत्तेजन देतो, म्हणून बाहेरून टी४ देऊन तो नॉर्मलच्या खाली दाबायचा. गाठ आटली तर थोडी आटते आणि गोळी थांबली की पुन्हा वाढते. बदल्यात हृदयाचे ठोके अनियमित होण्याचा आणि हाडं ठिसूळ होण्याचा धोका. पाळी थांबलेल्या बाईसाठी तर हा सौदा फारच वाईट. अमेरिकन थायरॉईड असोसिएशनच्या २०१५ च्या मार्गदर्शक सूचना साध्या गाठींसाठी हे करू नका असंच सांगतात. शिवाय ५० मायक्रोग्रॅमने टीएसएच दाबलाही जाणार नाही. म्हणजे 'गाठी आटतील' हे कारण बादच.

उरला टीएसएच. फ्री टी४ नॉर्मल आणि टीएसएच साडेचार ते दहाच्या मध्ये, याला सौम्य कमतरता म्हणतात. तो दहाच्या वर टिकला तर सहसा गोळी देतात. दहाच्या खाली असेल तर आधी तपासणी पुन्हा करतात, कारण आजारातून उठताना टीएसएच तात्पुरता चढू शकतो आणि आपणहून उतरतो.

पण तुमच्या बहिणीच्या बाबतीत मला सगळ्यात जास्त खटकतंय ते बायोटिन. अनेक लॅबच्या पद्धतीत रक्तातलं बायोटिन टीएसएच खोटाच कमी आणि फ्री टी४ खोटाच जास्त दाखवतं. खरा टीएसएच ५.६ पेक्षा बराच वर असू शकतो आणि नॉर्मल दिसणारा टी४ खरा कमी असू शकतो. या आकड्यावर ना गोळी सुरू करता येते, ना नाकारता येते. बायोटिन निदान दोन दिवस, जमलं तर तीन दिवस बंद ठेवून टीएसएच आणि फ्री टी४ पुन्हा करा, सोबत अँटी-टीपीओही (थायरॉईडविरुद्धच्या प्रतिपिंडांची तपासणी). मल्टिव्हिटॅमिनच्या लेबलवरही बायोटिन शोधा. पहिल्या तपासणीला सहा आठवडे झाले नसतील आणि तब्येत स्थिर असेल, तर तेवढं थांबावं का हे डॉक्टरांना विचारा.

पानगळ:
बायोटिनबद्दल तिला कुणीच विचारलं नव्हतं. आज बंद करायला सांगते. उजव्या गाठीला सुई लावावी (म्हणजे सुईने पेशी काढून तपासावं) लागेल का? रिपोर्टमध्ये 'सॉलिड, आयसोएकोइक, कडा गुळगुळीत, उंचीपेक्षा रुंदी जास्त, कॅल्सिफिकेशन नाही' असं आहे. टाय-रॅड्सचा (गाठ किती संशयास्पद ते सांगणाऱ्या गुणपद्धतीचा) आकडा दिलेला नाही.

रानवाट:
आकडा आपणच काढू. अमेरिकन रेडिऑलॉजी कॉलेजच्या २०१७ च्या पद्धतीत भरीव गाठीला २ गुण, आयसोएकोइकला १, बाकी सगळ्याला शून्य. एकूण ३, म्हणजे टीआर३. या गटात सुई २.५ सेंमीपासून आणि नुसती नजर ठेवणं १.५ सेंमीपासून. तेव्हा १.८ ला आत्ता सुई नाही. पुढचे अल्ट्रासाऊंड एक, तीन आणि पाच वर्षांनी. डावी स्पंजसारखी गाठ टीआर१, तिला काहीच करायचं नाही.

आता एक शब्द नीट पाहा. आयसोएकोइक म्हणजे गाठ आजूबाजूच्या ग्रंथीइतकीच उजळ. हीच गाठ हायपोएकोइक, म्हणजे ग्रंथीपेक्षा काळपट, असती तर तिथे २ गुण, एकूण ४, टीआर४. त्या गटात सुईची मर्यादा १.५ सेंमी आहे, म्हणजे १.८ ची गाठ थेट सुईच्या यादीत. हाशिमोटोच्या (शरीराच्याच प्रतिकारशक्तीने थायरॉईडवर केलेल्या हल्ल्याच्या) सुजेने अख्खी ग्रंथीच काळपट झालेली असेल तर ही तुलना फसते, आणि कधी सुजेचा एखादा पट्टाच गाठीसारखा दिसतो. म्हणून अँटी-टीपीओ वाढलेलं निघालं, तर रेडिऑलॉजिस्टला त्याच चित्रांवरून गुण मोजून पुरवणी रिपोर्ट द्यायला सांगा. चित्रांची सीडी घेऊन ठेवा. पुढच्या वेळी जुन्या चित्रांशी ताडून पाहता आलं तरच वाढ कळते: दोन दिशांनी २० टक्के आणि किमान २ मिमी, तर ती खरी वाढ. त्याहून कमी फरक मोजणाऱ्याच्या हाताचा असू शकतो.

आवाज बसणं, गिळताना अडकणं, गाठ भराभर वाढणं, लहानपणी मानेला रेडिएशन झालेलं असणं किंवा घरात थायरॉईडचा कॅन्सर, यांपैकी काही असेल तर गुण मोजत बसू नका, सरळ एंडोक्रिनोलॉजिस्ट गाठा.

मोरपीस:
कांचनार गुग्गुळ घेतला तर? आमच्याकडे गाठींवर तोच देतात. आणि आयोडीनमध्ये काय वाईट आहे?

कडुनिंब:
कांचनार गुग्गुळाने थायरॉईडच्या गाठी आटतात असा भरवशाचा पुरावा नाही. वैद्यांकडून घ्यायचाच असेल तर रक्ताची दुसरी तपासणी होईपर्यंत थांबा, नाहीतर आकडा कशाने बदलला ते कळणार नाही. अश्वगंधेलाही हेच लागू, कारण तिने थायरॉईडची हार्मोन्स वाढू शकतात.

आयोडीनचे थेंब मात्र नकोच. काही गाठी टीएसएचचं न ऐकता स्वतःच हार्मोन बनवतात. त्यांना जास्तीचं आयोडीन मिळालं की थायरॉईड एकदम चढतो. उलट हाशिमोटो असेल तर त्याच आयोडीनने ग्रंथी आणखी मंदावते. डुकराच्या थायरॉईडच्या एका ग्रेनमध्ये साधारण ३८ मायक्रोग्रॅम टी४ आणि ९ मायक्रोग्रॅम टी३ (थायरॉईडचं दुसरं, जास्त जोरकस हार्मोन) असतं. माणसाच्या ग्रंथीतून येणाऱ्या प्रमाणाच्या मानाने हे टी३ खूप जास्त, आणि ते घेतल्यावर काही तासांतच रक्तात चढतं. लाइममध्ये हृदयाच्या विद्युतवहनात अडथळा येऊ शकतो. बहिणीला धडधड, चक्कर किंवा नाडी मंद असं काही असेल तर थायरॉईडच्या कुठल्याही गोळीआधी ईसीजी झालाच पाहिजे. शुद्ध हरपली तर थेट इमर्जन्सी.

पानगळ:
दुसऱ्या तपासणीत गोळी लागेल असं निघालं, तर ५० बरोबर आहे का? आणि कॅल्शियमचं काय?

रानवाट:
ग्रंथी पूर्ण बंद असेल तर किलोमागे १.६ मायक्रोग्रॅम, म्हणजे ६४ किलोला साधारण १००. सौम्य कमतरतेत २५ ते ५० वर भागतं. डोस डॉक्टर ठरवतील, पण ५० वावगा नाही.

गोळी सकाळी उपाशीपोटी, नुसत्या पाण्याबरोबर. चहा, कॉफी, नाश्ता अर्ध्या ते एका तासाने. कॅल्शियम आणि लोह चार तासांनी, म्हणजे सरळ रात्रीच्या जेवणाबरोबर टाकलेलं बरं. सकाळ जमत नसेल तर गोळी जेवणानंतर तीन तासांनी झोपताना, पण मग कॅल्शियम आणि लोह रात्रीच्या जेवणाबरोबर नको, दिवसा आधीच घ्या. गोळी मूळ बाटलीतच ठेवा, बाथरूममध्ये नको, ओल आणि उष्णतेने ती खराब होते. कुणी भारतातून दुसऱ्या कंपनीची बाटली आणून दिली तर मधेच बदल करू नका. बदललीच, तर टीएसएच पुन्हा पाहावा लागतो.

टीएसएच सहा ते आठ आठवड्यांनी. टी४ चं अर्धआयुष्य साधारण सात दिवसांचं असल्याने त्याआधीचा आकडा दिशाभूल करतो. त्या दिवशी रक्त आधी द्या, गोळी नंतर. टीएसएच ठिकाणावर येऊन तीन-चार महिने झाले आणि थकवा तसाच राहिला, तर तो थायरॉईडचा नव्हता. मग डोस वाढवत नेऊ नका, गोळी चालू ठेवायची का हे डॉक्टरांना विचारा आणि हिमोग्लोबिन, फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा), बी१२, झोप यांच्याकडे वळा. लाइमनंतरचा थकवा उपचार पूर्ण होऊनही काही जणांत सहा महिन्यांहून जास्त टिकतो. लाइमची आयजीजी (रक्तातल्या प्रतिपिंडांची) तपासणी वर्षानुवर्षं पॉझिटिव्ह राहू शकते, त्यामुळे तेवढ्यावरून अँटिबायोटिकचा आणखी कोर्स कुणी सुचवला तर आधी संसर्गरोगतज्ज्ञांना विचारा.