दुकानाचा लँडलाइन नंबर न सोडता कॉल गोडाऊनला आणि मोबाइलवर घ्यायचेत, गेटवे लावू का?

माग_स्पेअर: आमचं इचलकरंजीत यंत्रमागाच्या स्पेअरचं दुकान आहे, पिकर शटल गियर वगैरे. वडिलांच्या काळापासून दोन लँडलाइन आहेत आणि भिवंडी मालेगावची जुनी गिऱ्हाइकं अजून त्याच नंबरवर फोन लावतात. पण माल बघणारा माणूस गोडाऊनला असतो, मग त्याला मोबाइल लावून विचारायचं, तोवर समोरचा कंटाळून ठेवून देतो. दुसरं म्हणजे फिरतीवरची तीन पोरं स्वतःच्या नंबरवरून बोलतात, मागच्या वर्षी एकजण सोडून गेला आणि त्याची गिऱ्हाइकंपण गेली, कारण सगळ्यांकडे त्याचाच नंबर. एक जण ३२ सिमचा जीएसएम गेटवे (मोबाइलच्या सिमवरून कॉल घेणारा-सोडणारा डबा) घ्या म्हणतोय, रिकाम्या सिमवरून बाहेरच्यांचे कॉल सोडा, पैसे वसूल होतील असं त्याचं म्हणणं. घ्यावा का?

तारजोड: दादा, त्या माणसाला आधी नाही म्हणून सांगा!! बाहेरच्यांचे कॉल नेटवरून घेऊन आपल्या सिमवरून सोडणं म्हणजे सिम बॉक्स. परदेशातून आलेला कॉल लोकल नंबर दाखवून उतरवायचा हाच तो धंदा, परवानगीशिवाय अशी सेवा चालवणं २०२३ च्या दूरसंचार कायद्यात गुन्हा आहे आणि सिम तुमच्या नावावर असल्यामुळे पोलिस तुमच्याच दारात येणार. कितीही पैसे दिसू देत, नको.

तुमचं काम छोट्या डब्यात होतं. दोन एफएक्सओ पोर्टचा गेटवे घ्या, म्हणजे लँडलाइनचा कॉल नेटवर्कवर आणणारा डबा. एफएक्सओ म्हणजे ज्यात बाहेरून आलेली लाइन खोचायची ते पोर्ट, एफएक्सएस म्हणजे ज्यात आपला साधा फोन लागतो ते, घेताना हे नीट बघा, लोक हमखास उलटं घेऊन येतात. लाइन फायबरवर गेली असेल तर मोडेमच्या फोनच्या जॅकमधून वायर गेटवेला आणायची. पुढे छोटा आयपी पीबीएक्स, म्हणजे नेटवर्कवर चालणारं आपल्या दुकानाचं एक्स्चेंज, ॲस्टेरिस्क सॉफ्टवेअरवाला चालेल, आणि गोडाऊनला एक आयपी फोन, दोन्ही जागा व्हीपीएनने (इंटरनेटवरून आपल्यापुरती खाजगी जोडणी) जोडायच्या. मग दुकानात आलेला कॉल ट्रान्सफर केला की गोडाऊनला वाजतो. एका कॉलला एका दिशेने साधारण ८७ केबीपीएस लागतात, म्हणजे स्पीडचा प्रश्नच नाही, पण सीसीटीव्ही सगळा अपलोड खात असेल तर आवाज तुटतो, तेव्हा राउटरमध्ये आवाजाला प्राधान्य द्या.

एक्स्चेंजवाला: वरचं बरोबर, फक्त एक भर घालतो कारण यात मी दोन दिवस घालवलेत. एका दवाखान्यात गेटवे बसवला, समोरच्याने फोन ठेवला तरी लाइन सुटेना, दुपारपर्यंत दोन्ही लाइन बिझी. समोरच्याने फोन ठेवला हे गेटवे बिझी टोनवरून ओळखतो, आणि त्याची सेटिंग अमेरिकेची होती. आपल्याकडे बिझी टोन ४०० हर्ट्झचा, पाऊण सेकंद वाजतो पाऊण सेकंद बंद, ते भरलं आणि लाइन सुटायला लागली. आणि लँडलाइनवरून मोबाइल लावताना १५ जानेवारी २०२१ पासून आधी ० लावावा लागतो, तो डायल प्लॅनमध्येच (नंबर कसा लावायचा त्या सेटिंगमध्ये) टाकून ठेवा नाहीतर पोरं म्हणणार फोनच लागत नाही.

माग_स्पेअर: खूप आभार, ३२ सिमवाल्याला आत्ताच नाही कळवलं. पण फिरतीवरच्या पोरांचं काय? लँडलाइनचा कॉल त्यांच्या मोबाइलवर जाईल का?

तारजोड: जाईल, त्यासाठी एक-दोन सिमचा गेटवे पुरतो, फक्त ४जी व्होल्टीवाला (४जीवरूनच कॉल करणारा) घ्या कारण जिओला २जी नाहीच. पण असा कॉल पुढे पाठवला की लँडलाइन आणि सिम दोन्ही अडकून राहतात, आणि पोराच्या मोबाइलवर गिऱ्हाइकाचा नंबर दिसत नाही, गेटवेच्या सिमचा दिसतो. तुमच्या दुखण्यावर हे खरंतर औषधच आहे, गिऱ्हाइकाचा नंबर दुकानातल्या नोंदीत राहतो, पोराच्या फोनमध्ये नाही. त्याने उलटा फोन करायचा तर तोही गेटवेच्या नंबरवरूनच. सिम मात्र फर्मच्या नावाने बिझनेस प्लॅनवर घ्या, घरगुती अनलिमिटेड प्लॅन धंद्याच्या कॉलला वापरला तर कंपनी बंद करू शकते. तीनाची दहा पोरं झाली की हे सोडून लायसन्स असलेल्या कंपनीकडून सिप ट्रंक (इंटरनेटवरून येणारी फोन लाइन) घ्या आणि मोबाइल ॲपवर एक्सटेन्शन (पीबीएक्सचा आतला नंबर) चालतं का ते त्यांच्याकडून लेखी घ्या.

एक्स्चेंजवाला: अजून एक, ५०६० पोर्ट, म्हणजे पीबीएक्स नेटवरून कॉल घेतो तो रस्ता, बाहेर उघडा ठेवू नका. रात्रीत कुणीतरी पासवर्ड काढून तुमच्या लाइनवरून परदेशी कॉल मारतं आणि बिल तुम्हाला. आयएसडी बंदच ठेवा, एक्सटेन्शनचा पासवर्ड १२३४ नको. आणि पीबीएक्स, गेटवे, फायबरचा मोडेम, राउटर सगळं यूपीएसवर घ्या, जुन्या तांब्याच्या लाइनला एक्स्चेंजमधूनच करंट यायचा म्हणून लाइट गेली तरी फोन चालायचा, आता तसं नाही.

माग_स्पेअर: गोडाऊनला यूपीएस नाहीये, रविवारी बघतो. लाइन तांब्याची आहे का फायबरची ते पण बघून इथेच टाकतो.