डुकराची ‘जात’ सांगताना नेमका शब्द कोणता? जवारी, गावठी, क्रॉस, तळी…

खानापूर, जांबोटी रस्ता

मागच्या महिन्यात मळ्यावर तीन डुकरं आणली. चार-साडेचार महिन्यांची असतील. दोन माद्या, एक नर. आजवर आमच्याकडं म्हशी, एक बैलजोडी आणि कोंबड्या एवढंच होतं, डुकरं पहिल्यांदाच. त्यामुळं वाटेनं जाणारा प्रत्येक माणूस कुंपणाशी थांबतो आणि विचारतो, “जात कुठली?”

ज्याच्याकडून घेतली तो म्हणाला, “यार्कशर क्रॉस.” शेजारच्या मामांनी लांबूनच बघून सांगितलं, “जवारीच की ओ ही.” लस टोचायला आलेले डॉक्टर म्हैसूरकडचे. त्यांनी कार्डावर कन्नडमधून लिहिलं, ‘मिश्र तळी’. सासूबाईंना ते वाचून दाखवलं, तर त्यांनी विचारलं, “डुकराच्या कार्डावर तळी कशाला?” त्यांना तळी म्हणजे खंडोबाची, ताटात भंडारा-खोबरं घालून उचलतात ती. कन्नडमध्ये तळी म्हणजे जनावराची जात, हे त्यांना मी समजावलं. पण ‘मिश्र तळी’ला मराठीत काय लिहायचं, हे मलाच सांगता येईना. माझ्या वहीत प्रत्येक जनावराचं पान आहे. या तिघांच्या पानावर ‘जात’ या शब्दापुढची जागा अजून रिकामी आहे.

जनावरं अशी आहेत. पहिली मादी सगळी पांढरी, कान ताठ उभे, पाठ लांब. दुसरी पण पांढरी, मात्र कान अर्धे पुढं झुकलेले, आणि धुतल्यावर ढुंगणाजवळच्या कातडीवर शाईसारखे निळसर डाग दिसतात. केस त्या जागीही पांढरेच. नर काळा, चारी पाय खुरांपासून वर वितभर पांढरे, तोंड लांबट सरळ, केस राठ.

जात, वाण, तळी, जवारी, गावठी, क्रॉस यातला कुठला शब्द कशाला वापरायचा, हे जाणकारांनी सांगावं.

निपाणी

‘जवारी’बद्दल सांगतो, कारण हा शब्द आपल्या सीमाभागात आणि कोल्हापुरात रोजचा आहे. पुण्याकडच्या पाहुण्याला तो समजवावा लागतो. त्यांच्याकडं जवारी म्हटलं की भाकरीची ज्वारी. आपण धान्याला जोंधळा म्हणतो, त्यामुळं आपला गोंधळ होत नाही. जवारी मिरची, जवारी टोमॅटो, जवारी कोंबडी असं आपण म्हणतो ते कशाच्या विरुद्ध? हायब्रीडच्या, ब्रॉयलरच्या. म्हणजे हा शब्द ‘हे बाहेरून आलेलं नाही’ एवढंच सांगतो, कुठली जात ते सांगत नाही. दोन जवारी कोंबड्या शेजारी उभ्या करा, एक तांबडी मानकापी असेल आणि दुसरी काळी पिसारेवाली, तरी दोन्ही जवारीच. ‘गावठी’चंही तसंच. फक्त गावठीत थोडा कमीपणा ऐकू येतो, जवारीत उलट कौतुक असतं. बाजारात जवारी म्हटलं की भाव चढतो.

तेव्हा मामांचं उत्तर खोटं नाही, पण ‘जात कुठली’ या प्रश्नाचं ते उत्तर नव्हे.

चिकोडी

ताई, पशुसंगोपन खात्यात चाकरी केली, आता निवृत्त आहे. जरा विस्तारानं लिहितो.

जात कशाला म्हणायचं ते आधी ठरवू. खिलार गाय खिलार वळूला दाखवली की वासरू खिलारच होतं. तेच शिंग, तीच मान, तोच चपळपणा. पिढ्यान्‌पिढ्या रूप टिकलं तर ती जात, आणि असं जनावर जातिवंत. आपला ‘जातिवंत’ हा शब्द फार नेमका आहे, तो जपून वापरावा. देशात कुठली जात मानायची याची नोंद हरियाणात कर्नालच्या राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्यूरोकडं होते. डुकरांत घुंगरू, निकोबारी, डूम, बांदा, घुर्राह अशी नावं तिथं नोंदलेली आहेत. यातल्या ‘बांदा’ला आपला ‘बांडा’ समजू नका. आपण दोन रंगांच्या बैलाला बांडा म्हणतो, तो रंगाचा शब्द. ‘बांदा’ ही झारखंडकडच्या डुकरांची जात.

आता तुमच्या पांढऱ्या माद्या. पांढरं दिसलं की यॉर्कशायर म्हणायची आपल्याकडं सवय पडली आहे, आणि इथंच लोक फसतात. यॉर्कशायरचा पांढरा रंग वरचढ असतो. पांढरा नर आणि काळी गावठी डुकरीण यांची पहिल्या पिढीची पिल्लं बहुतेक पांढरीच निघतात. रंग पांढरा, पण अर्धं रक्त काळ्या आईचं. तुम्ही लिहिलेले कातडीवरचे निळसर डाग, केस मात्र पांढरे, ही अशा संकराची खूण असू शकते. या पांढऱ्यांना पुढं एकमेकांत भरवलं की काळी, ठिपक्यांची पिल्लं येतात आणि मालक म्हणतो, यॉर्कशायर बिघडलं. बिघडलेलं काही नसतं. आजीचा रंग वर आलेला असतो.

रंगापेक्षा कान बघा. यॉर्कशायरचे कान उभे, तोंड नाकापाशी किंचित वर उचललेलं. लँडरेसही पांढरंच, पण कान मोठे, पुढं पडून डोळे झाकणारे, आणि अंग जास्त लांब. तुमच्या दुसरीचे कान अर्धे झुकलेत, तेव्हा तिच्यात लँडरेसचा अंश असण्याचा संभव आहे. खात्री कानावरून होत नाही, आईबाप बघितल्याशिवाय बोलू नये.

काळ्या नराबद्दल लोक बर्कशायर म्हणतील. बर्कशायर काळं असतं आणि सहा ठिकाणी पांढरं : चार पाय, नाक, शेपटीचं टोक. पण त्याचं तोंड आखूड आणि आत दबलेलं असतं. तुमच्या नराचं तोंड लांबट सरळ आहे म्हणता. मग पाय पांढरे असून भागत नाही. हॅम्पशायरही नव्हे, त्याच्या खांद्यावरून पुढच्या पायांपर्यंत पांढरा पट्टा उतरलेला असतो.

एक गोष्ट नावांची. यॉर्कशायर, बर्कशायर, हॅम्पशायर ही इंग्लंडमधल्या परगण्यांची नावं. तांबूस ड्युरॉकचं नाव मात्र अमेरिकेतल्या एका घोड्यावरून पडलं. ज्या शेतकऱ्याकडून ती डुकरं घेतली, त्याच्या नामांकित घोड्याचं नाव ड्युरॉक होतं. आणि लँडरेस? डॅनिश भाषेत त्याचा अर्थ देशातली, गावातली जात. म्हणजे आपण ज्याला विलायती म्हणून जास्त पैसे मोजतो, त्याच्या नावाचा अर्थ त्याच्या मुलखात ‘जवारी’ असाच आहे. बियाण्यांच्या शास्त्रातही स्थानिक वाणाला लँडरेस म्हणतात. निपाणीच्या दादांनी लिहिलं ते यावरून आणखी पटतं. जवारी कुणासाठी आणि कुठं, हे विचारल्याशिवाय त्या शब्दाला अर्थ येत नाही.

लोंढा

आमच्याकडं एका पोरानं रानाकडेला सापडलेलं पिल्लू आणलंय. अंगावर लांबीनं पट्टे आहेत, तपकिरी नि फिकट. हे कुठल्या जातीचं?

चिकोडी

ते रानडुकराचं असणार. रानडुकराच्या पिल्लांना लहानपणी असे उभ्या लांबीचे पट्टे असतात, चार-सहा महिन्यांत ते जातात. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात रानडुक्कर येतं, घरी पाळता येत नाही. आजच्या आज वनखात्याला कळवा. उशीर करू नका, पिल्लाच्या जिवालाही ते बरं नाही.

काणकोण, गोवा (माहेर खानापूर)

आम्ही कोकणीत ‘दुकर’ म्हणतो. काळ्या नराचं वर्णन वाचलं आणि आमच्या गावची आठवण झाली. आमच्या काणकोण तालुक्यात आगोंद गाव आहे. त्याच्या नावानं ‘अगोंडा गोवन’ ही डुकराची जात कर्नालला नोंदलेली आहे. बहुतेक काळी, काहींच्या पायांवर, तोंडावर पांढरं, कान लहान आणि उभे. चोर्ला घाटानं खानापूर आणि गोवा किती जवळ, हे तुम्हाला मी सांगायला नको. माणसं जातात-येतात तशी जनावरंही येतात. पण ताई, तुमचा नर तीच जात आहे असं मी म्हणणार नाही. पाय पांढरे एवढ्यावरून म्हटलं, तर मीही त्या यार्कशर विकणाऱ्यासारखीच होईन.

शहापूर, बेळगाव

‘डुक्कर’ शब्दावर थोडं. कागदावर आपण ‘वराहपालन’ लिहितो. कन्नडमध्ये मात्र योजनेच्या कागदावरही ‘हंदी साकाणिके’ असतं. हंदी म्हणजे डुक्कर, तोच घरातला शब्द. आपण मराठीत लगेच संस्कृताकडं धावतो, कारण डुक्कर ही शिवी झाली. खानापूर तालुक्यातच हलशीला कदंबांच्या काळातलं भूवराह नृसिंहाचं देऊळ आहे. तिथं वराहापुढं हात जोडायचे आणि मळ्यावरच्या जनावराचं नाव तोंडातून काढायला लाजायचं, हे मला पटत नाही. खानापूरच्या ताईंनी सरळ ‘डुकरं’ लिहिलं, फार बरं वाटलं.

लिहिताना एक लक्षात असू द्या. ‘डुक्कर’मधला दुहेरी क प्रत्यय लागला की जातो : डुकराला, डुकरांचा, डुकरं. छप्पर-छपरावर, चप्पल-चपलेत, तसंच. ‘डुक्कराला’ असं सर्रास दिसतं, ते चूक. मादी डुकरीण.

आणि ‘सीमे’ हा शब्दही बघा. म्हैसूर-बेंगळूरकडं संकरित गाईला ‘सीमे हसु’ म्हणतात, रॉकेलला ‘सीमे एण्णे’. तिथं सीमे म्हणजे परमुलखातलं, विलायती. आपण स्वतःला ‘सीमाभाग’ म्हणतो तेव्हा सीमा म्हणजे हद्द. शब्द एका घरातला, पण तुमचे डॉक्टर ‘सीमे’ म्हणाले तर ते आपल्या सीमेबद्दल बोलत नाहीत, हे ध्यानात ठेवा.

हुक्केरी

शब्द चालू द्यात, पण नवीन डुकरं आहेत म्हणून सांगतो. दुसरी डुकरं असतील तर ही निदान तीन आठवडे वेगळी बांधा. हॉटेलचं खरकटं घालत असाल तर चांगलं उकळून घाला. आफ्रिकन स्वाइन फीवर २०२० साली आपल्या देशात आला. त्यावर औषध नाही. माणसाला तो होत नाही, पण एकदा गोठ्यात शिरला की काही उरत नाही.

खानापूर, जांबोटी रस्ता

सगळ्यांचे मनापासून आभार. हुक्केरीच्या दादांनी सांगितलं तसं खरकटं आता चुलीवर उकळून घालते.

चिकोडीच्या काकांचं वाचून काल परत एकदा तिघांना धुऊन बघितलं. सासूबाई बादली घेऊन उभ्या होत्या. दुसरीच्या कातडीवरचे डाग मी बोटानं दाखवले आणि आई काळी असेल असं काकांचं म्हणणं सांगितलं. तर त्या सहज म्हणाल्या, “म्हणजे ही अंगानं बापाच्या वळणावर आणि कातडीनं आईच्या वळणावर गेली.”

मला जो शब्द हवा होता तो हाच. वळण. पोर कुणाच्या वळणावर गेलं हे आपण म्हणतो तेव्हा कुळाचा दाखला मागत नाही, दिसतं ते सांगतो. तसंच ‘यॉर्कशायर वळणाची’ म्हटलं तर जातिवंत असल्याचा दावा होत नाही, आणि ऐकणाऱ्याला जनावर डोळ्यासमोर उभं राहतं. ‘क्रॉस’ म्हणताना कशाचा कशाशी हे सांगावं लागतं, ते आम्हाला ठाऊकच नाही. ‘वाण’ मला बियाण्याचा वाटतो, जोंधळ्याचं वाण, भाताचं वाण. जनावराला म्हणणारेही आहेत, पण माझ्या जिभेवर बसत नाही. आणि ‘मिश्र तळी’ला ‘संकर’ म्हटलं तर चालेल ना, काका?

चिकोडी

चालेल. पण संकर हा शब्द ठरवून केलेल्या कामाला ठेवावा असं मला वाटतं. रांचीच्या बिरसा कृषी विद्यापीठानं टॅमवर्थ या विलायती जातीच्या आणि देशी डुकरापासून ‘झारसुक’ केलं, तो संकर. कुठलं किती रक्त हे तिथं लिहून ठेवलेलं असतं. बाजारातून आणलेल्याला ‘मिसळीचं’ म्हणा, सरळ आहे.

‘वळण’ मला फार आवडलं. माझ्या सगळ्या चाकरीत हे सुचलं नाही. फक्त एक पथ्य पाळा. वळण हे त्या एका जनावराचं असतं, पिल्लांचा भरवसा त्यावर देऊ नका. मादी यॉर्कशायर वळणाची असली तरी पिल्लं कुणाच्या वळणावर जातील ते व्याल्यावरच कळेल. डुकरीण साधारण ११४ दिवसांत विते, तीन महिने, तीन आठवडे, तीन दिवस. भरवली की तारीख लिहून ठेवा आणि पिल्लं झाली की प्रत्येकाचे कान, तोंड, रंग लिहा. आईबापांबद्दल जे आज कळत नाही, ते थोडंफार पिल्लांवरून कळेल.

नर दुसरीकडून आणा. हा एकाच घरातून आला असेल तर त्या माद्यांचा भाऊ असू शकतो.

खानापूर, जांबोटी रस्ता

विकणाऱ्याला आज फोन लावला. काळा नर वेगळ्या घरचा आहे म्हणतो, पण आई दाखवायला बोलावलं तर टाळाटाळ करतोय. तेव्हा नर वेगळा बांधलाय, दुसरा बघते.

वहीत असं लिहिलं :

पहिली : पांढरी, कान उभे, यॉर्कशायर वळणाची. आईबाप पाहिलेले नाहीत.
दुसरी : पांढरी, कातडीवर निळसर डाग, कान अर्धे झुकलेले. मिसळीची.
नर : काळा, पाय पांढरे, तोंड लांब सरळ. जवारी.

शेवटच्या ओळीत ‘जवारी’च ठेवलंय. मामांना वाचून दाखवलं, तर म्हणाले, “मी काय सांगितलं होतं?”