पुन्हा लावलेल्या बागेला ऐतिहासिक का म्हणायचं?

निवडुंग: इंग्लंडात कॉर्नवॉलमध्ये हेलिगन म्हणून ट्रेमेन घराण्याची इस्टेट आहे. १९१४ च्या महायुद्धात तिथले माळी लढायला गेले, बरेचसे परतलेच नाहीत, आणि बागा रानात गडप झाल्या. १९९० नंतर टिम स्मिट आणि मंडळींनी रान तोडून त्या पुन्हा उभ्या केल्या. भिंतीआडची फुलबाग, भाज्यांचे वाफे, सगळं आता तिकीट काढून बघता येतं. माझं म्हणणं, भिंती जुन्या असतील, पण आतलं पान न् पान नवं आहे. आणि ते रान हाही इतिहासच होता की. तो कोयत्याने साफ केला!

मातीकाम: साफ असहमत. १९१३ चा कोबी १९१४ मध्ये तरी कुठे शिल्लक होता? बागेत टिकते ती रीत. तिथला अननसाचा खड्डा बघा. दोन्ही बाजूंच्या चरांत घोड्याची ताजी लीद भरायची. ती कुजताना तापते आणि मधल्या खड्ड्याला ऊब देते. थंडावली की उपसा, नवी भरा. करून बघितल्याशिवाय हे समजत नाही.

निवडुंग: मालकाच्या टेबलावर अननस दिसावा म्हणून माणसं लीद उपसत होती. त्याची आता गंमत दाखवायची?

चुनाविटा: भिंतीबद्दल कुणीच बोलेना. विटा दिवसभर ऊन पितात आणि रात्री ऊब सोडतात, म्हणून तिकडे दक्षिणेला तोंड असलेल्या भिंतीवर पीच चढवतात. दुरुस्तीत चुन्याऐवजी सिमेंट भरलं की ओल आत अडकते, थंडीत गोठते आणि विटेचे पापुद्रे सुटतात. निवडुंग, तुमचं रान ठेवलं असतं तर मुळांनी ती जुनी भिंतही आडवी केली असती.

मातीकाम: आणि मालकाचं कौतुक म्हणाल, तर वाड्याचे केव्हाच फ्लॅट झाले. लोक बघायला जातात ती माळ्यांच्या संडासाची भिंत. तिच्यावर त्यांनी पेन्सिलीने आपापली नावं लिहिलीत आणि सोबत ऑगस्ट १९१४.

निवडुंग: ती नावं खरी. तेवढी खोली जपा, बाकी रान राहू द्या. तिकीट मी त्याचंही काढीन.

चुनाविटा: खोलीचं छप्पर कोण शाकारणार? त्याला पैसा वाफ्यांच्या तिकिटातूनच येतो ना!